समुद्रकिनाऱ्यावरील रिसॉर्टमध्ये दोघांचा मुक्काम, बेताच्या खर्चात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यालगतच्या रिसॉर्ट हॉटेलात दोघांनी चार दिवस राहायचे आहे, पण हातही राखायचा आहे, अशा वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे क्रमाने घेतले आहेत. आरंभीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढचे अपवादात्मक प्रसंगांचे. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खोलीचे भाडे कळले म्हणजे मुक्कामाचा खर्च कळला असे धरावे का?

धरू नये. किनाऱ्यावरची रिसॉर्ट बहुधा वस्तीपासून दूर असतात, आणि पायी जाण्याच्या अंतरावर दुसरे दुकान किंवा उपाहारगृह नसले की पाण्याच्या बाटलीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सर्व काही हॉटेलच्याच दराने घ्यावे लागते. त्यामुळे कमी भाड्याचे पण एकाकी हॉटेल हे जास्त भाड्याच्या पण गावालगतच्या हॉटेलापेक्षा महाग पडणे अगदी शक्य असते. दोन हॉटेलांची तुलना करताना एका रात्रीचे भाडे समोरासमोर ठेवण्याऐवजी संपूर्ण मुक्कामाची बेरीज मांडावी: भाडे, कर, सक्तीचे शुल्क, दोघांची सर्व जेवणे, ये-जा, वाहन उभे करण्याचे पैसे, आणि पाण्यातील खेळांसारखे जे निश्चित करायचे आहे ते.

सक्तीच्या शुल्काकडे विशेष लक्ष द्यावे. ‘रिसॉर्ट फी’ या नावाने तरणतलाव, वाय-फाय, टॉवेल अशा गोष्टींसाठी दर रात्री वेगळी रक्कम लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि आपण त्यांपैकी काहीच वापरले नाही तरी ती द्यावी लागते. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशा मुक्कामाची जाहिरात करताना सक्तीचे शुल्क धरूनच एकूण किंमत दाखवावी लागते. सरकारी कर मात्र त्या आकड्यात नसू शकतात. इतर ठिकाणी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन, तेथे दिसणारा आकडाच खरा मानावा.

२. ‘बीचफ्रंट’, ‘सी फेसिंग’ आणि ‘सी व्ह्यू’ यांत फरक काय, आणि आम्ही कोणती खोली घ्यावी?

‘बीचफ्रंट’ हे वर्णन सहसा हॉटेलच्या आवाराचे असते, आपल्या खोलीचे नव्हे: आवार आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘सी फेसिंग’ खोलीची खिडकी किंवा सज्जा समुद्राकडे तोंड करून असतो. ‘सी व्ह्यू’ म्हणजे खोलीतून समुद्र कोठून तरी दिसतो. तो पलंगावरून दिसतो की सज्जाच्या कठड्यावरून मान वळवल्यावर, हे त्या शब्दांत येत नाही. ‘पार्शल’ हा शब्द जोडलेला असेल तर इमारतींमधील फट गृहीत धरावी. उपग्रह नकाशावर हॉटेलची इमारत कशी वळलेली आहे हे पाहिले तर छायाचित्रांपेक्षा अधिक कळते.

आमचे मत असे की दोन-तीन रात्रींच्या मुक्कामासाठी त्याच हॉटेलातील बागेकडची खोली घ्यावी, कारण किनारा, तलाव आणि न्याहारी सर्वांना सारखीच मिळते, आणि रात्री खिडकीबाहेर अंधार असतो तेव्हा दृश्याचे पैसे कशासाठी मोजले असा प्रश्न पडतो. मात्र दोघांपैकी एकाला दिवसभर सज्जात वाचत बसायचे असेल तर समुद्राकडची खोलीच घ्यावी आणि काटकसर अन्यत्र करावी. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीला सूर्यास्त मिळतो, पण दुपारचे ऊनही तिलाच मिळते.

३. स्वस्त पडेल असा काळ कोणता?

गर्दीच्या हंगामाच्या अलीकडचे आणि पलीकडचे काही आठवडे, आणि त्यांतही शाळांच्या सुट्ट्या टाळून आठवड्याच्या मधल्या रात्री. समशीतोष्ण प्रदेशात या दोन टोकांत निवड करायची असल्यास पलीकडचे टोक घ्यावे असे आम्ही सुचवतो, कारण समुद्र हळू तापतो आणि हळूच निवतो: उन्हाळा सरत असताना हवा निवलेली आणि पाणी उबदार असते, तर उन्हाळ्याच्या आरंभी नेमके उलट असते.

ऐन मंदीच्या काळातील भाडे फारच कमी दिसते, पण त्या दिवसांत समुद्रात उतरण्यास बंदी, नौकाविहार बंद, हॉटेलच्या तीन उपाहारगृहांपैकी एकच चालू आणि बाकी आवारात डागडुजी, अशी स्थिती असू शकते. बुकिंगपूर्वी लेखी विचारावे की त्या तारखांना कोणत्या सोयी बंद असतील. वादळांचा हंगाम असलेल्या किनाऱ्यांसाठी प्रश्न १५ पहा.

४. ईपी, सीपी, एमएपी, एपी आणि ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ यांपैकी काय घ्यावे?

ईपी म्हणजे केवळ खोली. सीपीमध्ये न्याहारी येते. एमएपीमध्ये न्याहारी आणि एक मुख्य जेवण, बहुधा रात्रीचे. एपीमध्ये न्याहारी व दोन्ही जेवणे. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये जेवणांबरोबर पेये, मधले खाणे आणि काही करमणूकही धरलेली असते. एकदा पैसे भरले की सर्व काही मिळाले, ही कल्पना क्लब मेड या संस्थेने प्रसिद्ध केली. तिचा पहिला तळ १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर लागला, आणि तो तंबूंचा होता. आजच्या संगमरवरी स्वागतकक्षांत उभे राहून ही गोष्ट खरी वाटत नाही.

निवड करताना आपण किती खाऊ याऐवजी दिवसाच्या कोणत्या वेळी हॉटेलात असू, याचा विचार करावा. दुपारभर बाहेर फिरणाऱ्या जोडप्याला एपी व्यर्थ आहे. उशिरा उठून भरपेट न्याहारी करणाऱ्यांना दुपारी फारशी भूक नसते, म्हणून त्यांना सीपी किंवा एमएपी पुरते. हॉटेलजवळ खाण्याची दुसरी सोय असेल तर सीपी, आणि नसेल तर एमएपी, हा साधारण निष्कर्ष बहुतेक जोडप्यांना लागू पडतो. हॉटेलच्या उपाहारगृहाचा दरफलक आधी मागवून योजनेतील फरकाशी ताडून पाहावा. दरफलक पाठवण्यास हॉटेल टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच समजावे. जेवण बुफे पद्धतीचे आहे की ठरावीक ताटाचे, आणि पाहुणे कमी असल्यास बुफे रद्द होतो काय, हेही विचारावे.

५. आमच्यापैकी एक जण मद्य घेत नाही. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ एकासाठीच घेता येईल का?

बहुतेक हॉटेले हे मान्य करत नाहीत, कारण एकाच्या नावावर दोघांचे पेयपान होईल अशी त्यांना भीती असते. एका खोलीतील सर्व प्रौढांनी एकच योजना घ्यावी असा दंडक असतो. काही ठिकाणी मद्याविना असलेली योजना कमी दरात मिळते, पण ती संकेतस्थळावर दिसत नाही आणि मागावी लागते. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ योजनेतही उंची मद्ये, मागणीनुसार जेवण देणारी खास उपाहारगृहे, स्पा आणि इंजिनावर चालणारे जलक्रीडा प्रकार बहुधा धरलेले नसतात.

६. बुकिंग संकेतस्थळावरून करावे की थेट हॉटेलकडे?

दर संकेतस्थळावर पाहावा आणि नंतर हॉटेलला दूरध्वनी करावा. मध्यस्थ संकेतस्थळे हॉटेलकडून दलाली घेतात आणि ती १५ टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणून थेट येणाऱ्या पाहुण्याला काहीतरी देण्याची मोकळीक हॉटेलकडे असते. भाडे कमी करा असे म्हटल्यास अनेकदा नकार मिळतो, कारण काही करारांमुळे हॉटेलला जाहीर दर खाली आणता येत नाही. परंतु त्याच दरात न्याहारी, वरच्या मजल्यावरची खोली किंवा उशिरा खोली सोडण्याची सवलत मागितली तर होकाराची शक्यता पुष्कळ वाढते. जे कबूल केले ते ई-मेलवर लिहून घ्यावे.

संकेतस्थळावरून केलेले बुकिंग बदलायचे किंवा रद्द करायचे असल्यास ते सहसा त्याच संकेतस्थळामार्फत करावे लागते आणि हॉटेल हात वर करते. तारखा बदलण्याची शक्यता असेल तर एवढ्या कारणासाठीही थेट बुकिंग बरे.

७. परतावा न मिळणारा दर बराच कमी आहे. तो घ्यावा का?

येथे साधे गणित उपयोगी पडते. सवलत १० टक्के असेल आणि जाणे रद्द होण्याची शक्यता दहात एकापेक्षा जास्त वाटत असेल, तर सरासरीने हा सौदा तोट्याचाच ठरतो. दूरची तारीख, रजा मंजूर नसणे, घरात आजारपण यांपैकी काहीही असेल तर रद्द करता येणारा दर घ्यावा, आणि मुदत संपण्याच्या एक-दोन दिवस आधी तोच मुक्काम पुन्हा शोधून पाहावा. भाडे उतरले असेल तर आधी नवे बुकिंग पक्के करून मगच जुने रद्द करावे. ‘मोफत रद्द करता येईल’ या वाक्यातील मुदत सहसा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते, हे परदेशातील मुक्कामात विसरले जाते.

युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत मागे घेण्याचा ग्राहकाला सर्वसाधारण हक्क आहे, पण ठरावीक तारखांच्या निवासाला तो लागू होत नाही. त्या हक्कावर विसंबून कोणी बिनपरताव्याचे बुकिंग करू नये.

८. लग्नाचा वाढदिवस किंवा मधुचंद्र असल्याचे कळवले तर काही लाभ होतो का?

होऊ शकतो, पण त्यावर अंदाजपत्रक बांधू नये. बुकिंग करतानाच विनंतीच्या रकान्यात लिहावे आणि पोहोचण्याच्या दोन दिवस आधी आठवण द्यावी. स्वागतकक्षात ऐन वेळी सांगितल्यास खोल्यांचे वाटप झालेले असते. मधुचंद्राच्या जाहीर योजनेसाठी विवाहाचा दाखला मागितला जाऊ शकतो, त्यामुळे खोटे निमित्त सांगण्यात अर्थ नाही.

९. पोहोचताच कार्डावर मोठी रक्कम अडकवली गेली. हे नियमानुसार आहे का?

होय. खोलीच्या भाड्याखेरीज होणाऱ्या संभाव्य खर्चापोटी हॉटेल कार्डावर काही रक्कम राखून ठेवते. ती वसूल केलेली नसते, पण मोकळी होईपर्यंत वापरताही येत नाही. क्रेडिट कार्डावर त्यामुळे केवळ मर्यादा कमी होते, तर डेबिट कार्डावर खात्यातील प्रत्यक्ष पैसे अडकतात आणि खोली सोडल्यानंतर ते मोकळे होण्यास काही दिवस लागू शकतात. हिशेबाने चालणाऱ्या जोडप्याचा प्रवास याच कारणाने मध्येच अडखळतो. राखीव रकमेसाठी क्रेडिट कार्ड द्यावे, ते नसल्यास रोख अनामत चालते का हे आधी विचारावे आणि रोख दिल्यास पावती घ्यावी.

निघण्याच्या आदल्या रात्री बिलाचा तात्पुरता उतारा मागावा. पहाटे टॅक्सी दारात उभी असताना चुकीच्या नोंदीवर वाद घालणे कोणाला जमत नाही. परदेशात कार्डयंत्राने ‘तुमच्या चलनात भरायचे का’ असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे, कारण आपल्या चलनाचा पर्याय घेतल्यास रूपांतराचा दर बहुधा महाग लावला जातो.

१०. आम्ही सकाळी लवकर पोहोचतो आणि परतीचा प्रवास रात्री आहे. दोन्ही दिवसांचे वेगळे भाडे द्यावे लागेल का?

सहसा नाही. खोली दुपारी दोन-तीनच्या सुमारास मिळते आणि सकाळी अकरा ते बारापर्यंत सोडावी लागते, पण त्याआधी आणि त्यानंतर सामान ठेवून तलाव व किनारा वापरण्याची मुभा बहुतेक रिसॉर्ट देतात. पोहण्याचे कपडे, औषधे आणि चार्जर एका लहान पिशवीत वेगळे ठेवावेत, म्हणजे मोठी बॅग उघडावी लागत नाही. निघताना अंघोळ व कपडे बदलण्यासाठी सामाईक खोली आहे का हे विचारावे. ती असेल तर उशिरा खोली सोडण्याचे शुल्क भरण्याचे कारण उरत नाही. ती नसेल तर अर्ध्या दिवसाचा दर आणि प्रश्न ६ मधील सवलत यांचा विचार करावा.

११. बाहेरचे खाद्यपदार्थ खोलीत नेले तर चालते का?

खोलीत खाण्यासाठी फळे, सुका खाऊ आणि पाणी नेण्यास बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते; उपाहारगृहात आणि तलावाकाठी मात्र ते चालत नाही, आणि स्वतःची मद्याची बाटली उघडण्यास शुल्क लागू शकते. काही हॉटेलांच्या लहान शीतकपाटाला संवेदक जोडलेला असतो, आणि तेथील बाटली थोडा वेळ उचलून आपले पाणी ठेवले तरी तिची बिलात नोंद होते. रिकामे शीतकपाट मागावे. ते बहुधा विनाशुल्क मिळते.

१२. छायाचित्रात रुंद वाळू होती, प्रत्यक्षात लाटा भिंतीवर आपटत होत्या. ही फसवणूक नव्हे का?

बहुधा ती भरतीची वेळ असते. अनेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत दूर जाते; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि दोन्हींतील अंतर कमी होते. उथळ उताराच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत सकाळी वाळू नाहीशी आणि दुपारी पाणी अर्धा किलोमीटर दूर, असेही घडते. भूमध्य समुद्रासारख्या जवळजवळ बंदिस्त समुद्रात हा फरक बहुतेक ठिकाणी अगदी थोडा असतो.

किनाऱ्यावर राहण्यासाठीच पैसे मोजणार असाल तर तारखा ठरवताना भरतीचे वेळापत्रक पाहावे, आणि भरतीच्या वेळीही वाळू उरते का, हा प्रश्न हॉटेलला याच शब्दांत विचारावा. तारखा बदलता येत नसतील तर निदान दिवसाची आखणी त्याप्रमाणे करावी: ओहोटीला लांब फेरफटका, भरतीला तलाव किंवा झोप. आरामखुर्च्या आणि छत्र्या भाड्यात धरलेल्या आहेत का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. किनारा सार्वजनिक असला तरी खुर्च्या हॉटेलच्या असतात.

१३. हॉटेलसमोरचाच समुद्र आहे, मग पोहण्यासाठी वेगळी काळजी कशाला?

हॉटेलसमोर असल्याने समुद्र सौम्य होत नाही, आणि प्रत्येक रिसॉर्ट जीवरक्षक नेमत नाही. लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो. लाल निशाण मोठा धोका दाखवते, आणि अनेक ठिकाणी दोन लाल निशाणे म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई. जांभळे निशाण जेलीफिशसारख्या उपद्रवी जलचरांची सूचना देते. निशाणांच्या पद्धती देशागणिक थोड्या बदलतात, म्हणून किनाऱ्यावरचा फलक वाचावा. किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झुंजू नये. तो सहसा अरुंद असतो, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाहेर पडावे आणि मगच परतावे. दम संपला असल्यास तरंगत राहून हात हलवावा. दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल तर त्याने वाचवण्यासाठी पाण्यात उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकून मदत बोलवावी.

१४. स्वागतकक्षात मोफत भोजनाचे कूपन देऊन ‘थोडी माहिती ऐका’ म्हणतात. जावे का?

ही बहुधा टाइमशेअर (दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क आधीच विकत घेणे) किंवा सुट्टी-सदस्यत्वाची विक्री असते. सांगितलेला दीड तास सहज तीन तासांवर जातो, आणि ‘आजच सही केली तरच हा दर’ असा आग्रह धरला जातो. आमच्या मते मोजक्या दिवसांच्या मुक्कामातील अर्धा दिवस हीच त्या कूपनाची किंमत असते, आणि ती फार आहे. गेलातच तर दोघांनी आधीच ठरवावे की काहीही झाले तरी त्या दिवशी सही नाही आणि कार्ड बाहेर नाही. युरोपीय संघात अशा करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येते. इतरत्र मुदत वेगळी असते किंवा नसतेही.

१५. वादळाचा इशारा आहे, पण हॉटेल म्हणते, ‘आम्ही सुरू आहोत.’ पैसे परत मिळतील का?

हॉटेल सुरू असेल आणि दर बिनपरताव्याचा असेल तर नियमाने हक्क सांगणे कठीण असते. अशा वेळी परतावा न मागता तारीख पुढे ढकलण्याची विनंती करावी. ती मान्य होण्याची शक्यता अधिक, कारण हॉटेलच्या हातून पैसे जात नाहीत. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, आणि त्या भागातील काही रिसॉर्ट या काळासाठी वादळाची हमी देतात. तिच्यात वादळ हॉटेलपासून किती जवळ यावे लागते ते वाचावे. प्रवासविमा घ्यायचा तर बुकिंगबरोबरच घ्यावा. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेला विमा सहसा त्या वादळामुळे झालेले नुकसान देत नाही, कारण ते आता ज्ञात संकट ठरते.

१६. पोहोचल्यावर ‘खोली शिल्लक नाही, शेजारच्या हॉटेलात सोय करतो’ असे सांगितले तर?

हॉटेले काही पाहुणे येणार नाहीत या हिशेबाने जास्त बुकिंग घेतात, आणि हिशेब चुकला की उशिरा पोहोचणाऱ्यांना सर्वांत आधी दुसरीकडे पाठवले जाते. म्हणून रात्री पोहोचणार असाल तर त्या दिवशी दुपारी कळवून खोली राखून ठेवण्यास सांगावे. तरीही हा प्रसंग आला तर तेवढ्याच किंवा वरच्या दर्जाचे हॉटेल, तेथवरची वाहनव्यवस्था, भाड्यातील फरक आणि घेतलेली जेवणयोजना, या चार गोष्टी लेखी मागाव्यात. तुम्ही किनाऱ्याचे पैसे भरले असतील तर रस्त्यापलीकडचे हॉटेल, त्यावर तारे कितीही असले तरी, समकक्ष नव्हे, हे शांतपणे पण ठामपणे सांगावे. मध्यस्थ संकेतस्थळावरून बुकिंग असेल तर तेथून हलण्यापूर्वी त्यांना दूरध्वनी करावा.

१७. शेजारी बांधकाम चालू आहे, किनारा शेवाळाने भरला आहे. खोली बदलून किंवा पैसे परत मागता येतील का?

आवाजासाठी खोली बदलून मागणे योग्यच आहे, पण सामान उघडण्यापूर्वी मागावी. पलंग वापरल्यावर नकाराला निमित्त मिळते. हॉटेलच्या आवारातील बांधकाम आधी कळवले नसेल तर भाड्यात सूट मागण्याचा तुमचा मुद्दा भक्कम आहे, शेजारच्या भूखंडावरील कामासाठी तो कमकुवत आहे. समुद्री शेवाळ ही हॉटेलच्या हातातील गोष्ट नव्हे. कॅरिबियन किनाऱ्यांवर २०११ पासून सार्गॅसम नावाचे तरंगते शेवाळ मोठ्या प्रमाणात वाहून येऊ लागले आहे, आणि ते कुजले की उग्र वास सुटतो. हॉटेल ते रोज उचलते का, हे ताज्या अभिप्रायांतून आधीच कळते. वर्षभरापूर्वीचे अभिप्राय याबाबतीत निरुपयोगी आहेत, मागच्या दोन आठवड्यांचे वाचावेत.

१८. दोघांपैकी एकाला मध्येच परतावे लागले तर भाडे निम्मे होईल का?

भाडे खोलीचे असल्याने ते कमी होत नाही. जेवणयोजना मात्र माणशी आकारलेली असते, त्यामुळे एमएपी किंवा एपी घेतली असल्यास उरलेल्या दिवसांची एका माणसाची जेवणे वगळण्याची विनंती करता येते, आणि ती निघण्याच्या आदल्या दिवशी केली तर बहुधा ऐकली जाते. दोघांनाही लवकर निघावे लागल्यास बिनपरताव्याच्या दरात उरलेल्या रात्रींचे पैसे जातात. रद्द करता येणाऱ्या दरातही मुक्काम सुरू झाल्यानंतर निदान एका रात्रीचे शुल्क लागू शकते. परतण्याचे कारण वैद्यकीय असेल तर निघण्यापूर्वी हॉटेलकडून मुक्काम मध्येच संपवल्याचे पत्र घ्यावे, कारण विम्याचा दावा करताना डॉक्टरांच्या दाखल्याबरोबर तेही मागितले जाते.